'गृहकृत्यदक्ष' ते 'घरीच असते' : बायकोकडच्या अपेक्षांवर उपरोधाने लिहायचं तर

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. ८ मार्चच्या वाचनासाठी जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लेख आलेत. विषय एकच दिला होता, बायकोकडून असलेल्या अपेक्षा. साचाही बहुतेकांनी एकच उचललाय: 'मलाही एक बायको हवी.'

साचा जुना आहे. ज्युडी सायफर्स (पुढे ब्रेडी) या बाईंनी ऑगस्ट १९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हे टिपण वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या बायकांना मताधिकार मिळून ५० वर्षं झाल्याची ती सभा होती. डिसेंबर १९७१ मध्ये ते 'मिझ' मासिकाच्या पहिल्यावहिल्या अंकात छापलं गेलं, आणि तो अंक 'न्यूयॉर्क' मासिकाच्या पोटात घालून आला होता. युक्ती एवढीच की बोलणारी स्वतः बायको आहे आणि तिला बायको हवी आहे. मग ती बायकोने काय काय करावं याची यादी वाचत जाते, आवाज न चढवता.

आपल्याकडच्या लेखांत असा मजकूर आहे (नमुना मीच बनवलाय, कुणाचा उचललेला नाही):

'मला अशी बायको हवी जी प्रेमळ असेल, जी कष्टाळू असेल, जी घर सांभाळेल, जी सगळ्यांची काळजी घेईल आणि जी स्वतःच्या इच्छा-आकांक्षांचा त्याग करेल.'

चूक काही दाखवता येत नाही आणि दमही नाही. दुरुस्ती कुठून सुरू करायची? वाचनाला प्रत्येकी चार मिनिटं आहेत, म्हणजे साडेचारशे ते पाचशे शब्द.

बिबडे_वाळत_घातले

ताई, पहिली गोष्ट, तो 'जी' काढा. 'अशी बायको हवी जी' हे वाक्य आपल्या तोंडचं नाही. आपण 'भाकर थापता थापता पोराचे पाढे घेणारी पाहिजे' असं म्हणतो. काम आधी येतं, बाई नंतर.

यामागे एक तांत्रिक कारण आहे, ते लक्षात घेतलं की निम्मी दुरुस्ती आपोआप होते. इंग्रजीत पुनरुक्ती वाक्याच्या सुरुवातीला बसते, कारण त्यांचं क्रियापद पुढे असतं. दर वेळी 'मला बायको हवी' असं म्हणून मग यादी. मराठीत क्रियापद शेवटी. सुरुवातीला 'मला बायको हवी' सहा वेळा म्हटलं की तोतरेपणा वाटतो. तेच 'पाहिजे' वाक्याच्या शेवटी दहा वेळा आलं तर पालुपद होतं. भारूड, गवळण, झोक्यावरची गाणी, सगळीकडे आपला कान शेवटच्या शब्दाची वाट बघायला शिकलेला आहे. तो फायदा सोडू नका. शिवाय 'हवी' पेक्षा 'पाहिजे' घ्या. 'हवी' पुस्तकी आहे, 'पाहिजे' दुकानात चालतं, आणि इथे सूर दुकानातलाच असायला हवा.

दुसरी गोष्ट वस्तूंची. तुमच्या नमुन्यात एकही वस्तू नाही. प्रेमळ, कष्टाळू, काळजी, त्याग. हे सगळे गुण. गुणांची यादी ऐकून कुणाला खजील व्हायला होत नाही, उलट 'हो, आमची तशीच आहे' म्हणून कौतुकच वाटतं. कामांची यादी केली की वाचणारा मनात बोटं मोजायला लागतो. बघा:

'नळाला पाणी यायच्या आधी दहा मिनिटं उठणारी पाहिजे. मोटार लावून, टाकी भरून, पिंप भरून मगच मला हाक मारणारी पाहिजे. हाक एकदाच, पण मी उठेपर्यंत ऐकू यावी अशी. कळण्याच्या दळणात ज्वारीला उडीद किती घालायचे, हे माझ्या आईच्या अंदाजाने ठाऊक असलेली पाहिजे. ठेचा जास्त झणझणीत झाला तर माझ्या पोटाची आणि कमी झाला तर माझ्या जिभेची माफी मागणारी पाहिजे.'

चार 'पाहिजे' आणि प्रत्येकाला निदान एक तरी हातात धरता येईल अशी गोष्ट: पिंप, मोटार, उडीद, ठेचा. प्रत्येक कलमात एक मुख्य क्रिया, जास्तीत जास्त दोन. तिसरी घातली की श्रोता पहिली विसरतो. आणि चौथ्या कलमात बघा, अशक्य मागणी किती सहज आली. तिखट जास्त तरी चूक, कमी तरी चूक. हे पहिल्या ओळीला आलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती. तीन खरी, अगदी रोजची कलमं आधी गेली म्हणून चौथं खपतं. तीन खरी, एक ताणलेलं, हे प्रमाण सांभाळा. दोनास एक झालं की लेख विनोदी होतो आणि लोक टाळ्या वाजवून घरी जातात.

सातपुड्याची_सावली

वर सांगितलंय त्यात क्रमाची भर घालतो. शाळेत 'सार' अलंकार शिकलो होतो, चढत्या पायऱ्यांचा. या प्रकाराचा कणा तोच आहे. ब्रेडीबाईंचा क्रम नीट बघा. आधी बायकोने नोकरी करून मला शिकवावं, मग पोरं, मग माझे कपडे, माझं जेवण, माझं आजारपण, मग पाहुणे, मग शेजेची गोष्ट, आणि त्यानंतर ही नको झाली तर दुसरी करण्याची मोकळीक. एकेक पायरी चढताना मागणारा एकेक पदर जास्त उघडा पडत जातो.

आपल्या लेखिका पाहुण्यांपर्यंत येतात आणि तिथून एकदम त्याग-ममता-माऊलीवर उडी मारतात. मधल्या दोन पायऱ्या गाळल्या की शेवट हवेत लटकतो. शेजेबद्दल सभेत बोलायचा संकोच असेल तर ठीक आहे, पण ती पायरी रिकामी ठेवा आणि रिकामी आहे हे दिसू द्या. 'रात्रीचं मी इथे बोलत नाही. तिनेही बोलू नये, एवढंच पाहिजे.' दोन छोटी वाक्यं पुरतात.

मलकापूर_पॅसेंजर

अमेरिकेपर्यंत जाण्याआधी रेल्वेने जरा पूर्वेला या की. मलकापूर उतरलं की बुलढाणा. तिथल्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ चं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर खटला चालला, त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त स्त्रीजातीला नावं ठेवणं सुरू झालं, त्याला हे उत्तर. छापलं पुण्यात. लोक तुटून पडले तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार' मध्ये बाजू घेतली. पुढे पुस्तक विसरलं गेलं आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा बाहेर काढलं.

इथे कामाचं आहे ते तंत्र. स्त्रियांच्या दुर्गुणांची जी यादी लोक तोंडपाठ म्हणायचे, ती ताराबाई तशीच घेतात. नाकारत नाहीत. एकेक कलम उचलतात, बरं, हा दुर्गुण बायकांत आहे म्हणता, आता पुरुषांत बघू, असं म्हणून तराजूचं दुसरं पारडं भरायला घेतात. विधवेने केस काढून कोपऱ्यात बसायचं असेल तर बायको गेल्यावर पुरुषाने दाढीमिशा भादरून रानात का जाऊ नये, असा त्यांचा सवाल आहे. यालाच मी आरशाची यादी म्हणतो: नियम तोच, फक्त माणूस बदलायचा.

ब्रेडीबाईंचं आणि ताराबाईंचं तंत्र वेगळं आहे, लेखिका दोन्ही एकाच लेखात मिसळतात आणि मग घोळ होतो. ब्रेडीबाई मागणाऱ्याच्या जागी बसून बोलतात, शेवटपर्यंत मुखवटा काढत नाहीत. ताराबाई मुखवटा घालतच नाहीत, समोरच्या पुरुषाला 'तुम्ही' म्हणून थेट उभं करतात, एकामागून एक प्रश्न विचारतात. मुखवट्याच्या लेखात मध्येच 'अरे पुरुषांनो, लाज वाटत नाही का?' असं आलं की मुखवटा गळून पडला आणि आधीच्या तीनशे शब्दांचा उपरोध वाया गेला. एक धरा. चार मिनिटांत दोन्ही बसत नाहीत.

प्रश्नांच्या माळेबद्दलही एक सूचना: सलग तीनपेक्षा जास्त नको. ताराबाईंना पानंच्या पानं मिळाली होती आणि वाचक घरात बसून वाचणार होता. सभेत चौथ्या प्रश्नाला मागच्या रांगेतून कुणीतरी उत्तर देतोच.

फुकट_फौजदारी

आणि नवऱ्याकडून अपेक्षा नसतात का? हप्ते कोण भरतं, पोराची फी कोण भरतं, ४५ डिग्रीत शेतात फवारणीला कोण जातं? यावर एकही लेख नाही. एकतर्फी आहे सगळं.

मलकापूर_पॅसेंजर

फौजदार, तुमचा प्रश्न लेखातच घ्यायला हवा, म्हणून बरं झालं आला. आपल्या शास्त्रार्थाची रीतच ती आहे, आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडायचा, मग उत्तर. श्रोत्याच्या मनात आक्षेप उठणारच असेल तर तो त्याच्या तोंडून येण्याआधी आपल्या तोंडून यावा. मुखवट्याच्या लेखात हे फार सोपं जातं, कारण बोलणारा मागणाराच आहे: 'मी हप्ते भरतो. भरतो ते रोज सांगतो. ती काय करते ते तिने सांगू नये, एवढं पाहिजे.' आक्षेप खोटा ठरवलेला नाही. हप्ता खराच आहे. फक्त सांगण्याचा हक्क कुणाला, हे दिसलं.

दीपनगर_सेकंड_शिफ्ट

फवारणीचं म्हणाल तर आमच्या पट्ट्यात फवारणीला तो जातो आणि पाणी तीच वाहून देते, तेही यादीत घ्या की.

माझा मुद्दा क्रियापदांचा. बाईबद्दल आपण बोलतो ती क्रियापदं एका ओळीत मांडून बघा: पोरगी दिली. सून करून आणली. नांदवली. टाकली. अख्खं आयुष्य झालं आणि चारही वाक्यांत ती कर्ता नाही. 'नांदली' म्हटलं तरच ती कर्ता होते, पण 'नांदवणे' हे प्रयोजक रूप मराठीने खास नवऱ्यासाठी राखून ठेवलंय. 'नवऱ्याला नांदवलं' असं कुणी म्हणतं का? व्याकरणाचा असा एक परिच्छेद शंभर विशेषणांचं काम करतो, आणि त्यात एकही आरोप नाही. 'दिली' आणि 'टाकली' यांच्या मध्ये थांबा घ्या. वाचणाऱ्याने खरोखर श्वास घ्यायचा.

तसाच 'मदत' शब्द. 'मी तिला घरकामात मदत करतो' म्हणजे काम तिचं, हे वाक्याने आधीच ठरवून टाकलं. वाद पुढच्या पायरीवर सुरू होतो, पहिली पायरी फुकटात दिलेली असते. लेखात 'मदत' हा शब्द मुखवट्याच्या तोंडी द्या, लेखिकेच्या तोंडी कधीही नको. आलेल्या लेखांत 'नवऱ्याने मदत करायला हवी' असं किती ठिकाणी आहे, तपासा.

गिरणाकाठ

तपासलं. पाच लेखांत आहे. 😐

तापीवरचा_पूल

मी आकड्यांबद्दल लिहिणार आहे, कारण दर वर्षी तीच चूक होते. केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७, असे आकडे आहेत. २०२४ च्या सर्वेक्षणात ते २८९ आणि ८८ आहेत. भाषणात हे असे येतात: 'पुरुष रोज ९७ मिनिटं घरकाम करतो.' चुकीचं आहे. ही सरासरी फक्त त्या दिवशी ज्यांनी असं काम केलं त्यांचीच. २०१९ मध्ये अशा बायका होत्या ८१.२ टक्के आणि पुरुष होते २६.१ टक्के. म्हणजे दर चार पुरुषांतल्या साधारण तिघांनी त्या दिवशी काहीच केलेलं नाही, ते त्या ९७ मध्ये धरलेच नाहीत. चुकीच्या वाक्यात पुरुषांनाच झुकतं माप मिळतं, हा त्यातला विनोद. आणखी एक, सर्वेक्षण ६ वर्षांपासून पुढच्या सगळ्यांचं आहे, त्यामुळे हा आकडा 'बायको'चा म्हणून सांगू नका. यात परकर-पोलक्यातल्या पोरीही आहेत.

एका लेखात आकडा एकच. आणि तो पचेल अशा मापात. २९९ वजा ९७ म्हणजे २०२ मिनिटं, वर्षाचे साधारण १,२२९ तास, आठ तासांच्या ड्यूटीने दीडशेच्या वर ड्यूट्या. भुसावळ, वरणगाव, दीपनगरकडच्या, रेल्वे-कारखान्यात कामाला असणाऱ्या श्रोत्याला मिनिटं कळणार नाहीत, ड्यूटी लगेच कळते. पण 'काम करणाऱ्या पुरुषाशी तुलना केली तरीसुद्धा' हे शब्द जोडायला विसरू नका, नाहीतर हिशोब पुन्हा चुकला.

जाता जाता. इंग्रजीत नोकरीनंतरच्या घरकामाला 'सेकंड शिफ्ट' म्हणतात, आर्ली हॉक्शिल्ड यांच्या १९८९ च्या पुस्तकामुळे रूढ झालं. एका लेखात त्याचं 'दुसरी पाळी' केलंय. वाचून दाखवाल तेव्हा सभागृहात काय होईल याचा विचार करा. 'दुसरी ड्यूटी' म्हणा, सगळ्यांना समजतं.

बिबडे_वाळत_घातले

😂 'दुसरी पाळी' वाचूनच थांबले होते.

'घरीच असते' हा शब्दप्रयोगही आकड्यांच्या शेजारी ठेवा. जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्यांच्या गटात, भिकारी आणि कैद्यांच्या जोडीला बसवलं होतं, त्यावर सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये कडक शब्दांत नापसंती नोंदवली. अपघाताच्या भरपाईसाठी गृहिणीचं उत्पन्न धरावं लागतं, तो निकाल २०२१ मध्ये पुन्हा अधोरेखित झाला. याची लेखात एकच ओळ होते: 'घरीच असते' म्हणतात तिच्या कामाला पैशात किंमत असते हे बहुतेक वेळा ती मेल्यावर, भरपाईच्या दाव्यात लिहिलं जातं. याच्यापुढे विशेषण जोडायचं नाही, 'केवढी ही शोकांतिका' तर नाहीच.

आखाजीचा_झोका

सगळी चर्चा शहरी बाईची चाललीय. पाणी, मोटार, टाकी, ठीक. पण ब्रेडीबाईंची यादी मध्यमवर्गीय घराची आहे. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला ती यादी लावली की अर्धी यादी गळते आणि दुसरी अर्धी दुप्पट होते. तिच्याकडून अपेक्षा आहे की किलोवर वेचणी करून रोख आणावी, ती रोख हातात न ठेवता द्यावी, आणि घरी येऊन भाकरी थापाव्यात. लेख ज्या बाईच्या नावाने चाललाय ती कोण, हे पहिल्या पन्नास शब्दांत कळलंच पाहिजे. 'समस्त स्त्रीवर्ग' अशी सुरुवात असलेला लेख मी तिथेच परत पाठवला असता.

आता अहिराणीबद्दल. दोन लेखांत बायकोचे संवाद अहिराणीत आहेत आणि निवेदन प्रमाण मराठीत. परिणाम असा होतो की बोली म्हणजे हसू, विचार म्हणजे पुस्तकी. उलटं करून बघा. मागणाऱ्याचं बोलणंच अहिराणीत घ्या. 'माले बायको जोयजे.' हे 'जोयजे' पालुपदाला 'पाहिजे'पेक्षाही भारी पडतं, तोंडात खणखणीत वाजतं. फक्त अख्खा लेख बोलीत पेलत नसेल तर पालुपद तेवढं बोलीत आणि यादी मराठीत, असा ठरवून केलेला भेद चालेल. मध्येच एखादा 'माले', मध्येच 'मला', असं नको.

आणखी एक, ब्रेडीबाई यादीत बायकोला 'ती' म्हणतच नाहीत, दर वेळी 'बायको'. इंग्रजीत ते टोचतं. मराठीत आपण 'ती' असंही गाळतोच, त्यामुळे ही युक्ती आपल्याकडे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आपल्याकडे टोचणारी गोष्ट वेगळी आहे: नाव न घेणं. 'अगं', 'ऐकलं का', 'पोऱ्यानी माय'. पूर्ण लेखात हाका मारा आणि नाव एकदाही येऊ देऊ नका. शेवटी कुणी विचारलं नाव काय, तर मागणाऱ्याला आधार कार्ड बघावं लागावं.

सातपुड्याची_सावली

आधार कार्ड 👌 हे मी घेतलं असतं.

नावावरून उखाणा आठवला. नवऱ्याचं नाव तिने यमकात घ्यायचं, सगळ्यांसमोर, हसतमुखाने. अपेक्षेचाच एक प्रकार, पण साचा इतका ओळखीचा की त्यात काहीही भरता येतं. पहिली ओळ अगदी साळसूद ठेवायची, दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांत वळण:

'भरीत भाजलं काट्यांवरती, मिरची कुटली बारीक,
___रावांना विचारा, सिलिंडर कधी लावलं त्याची तारीख.'

यमक सैल चालतं, पण मात्रांचा ठेका सैल चालत नाही. म्हणून बघा, जीभ अडखळली तर शब्द बदला. लेखात एकच उखाणा, आणि तोही लेखाच्या पहिल्या एक-तृतीयांशात. शेवटी टाकला तर हळदीकुंकवाचा कार्यक्रम होतो.

खापरावरची_पोळी

माझं निरीक्षण सासूचं. आलेल्या लेखांपैकी कितीतरी बायकोच्या अपेक्षांवर सुरू होऊन तिसऱ्या परिच्छेदात सासूवर घसरतात. लिहिणाऱ्याला कळतही नाही. कारण सोपं आहे, घरात अपेक्षा बोलून दाखवायचं काम सासूकडे असतं, नवऱ्याला बोलावंच लागत नाही. मग संवाद लिहायला घेतले की सगळे सासूचे होतात, आणि ज्याच्या ताटात भाकर पडते तो लेखातून गायब.

पेन्सिल घ्या. प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करा, समासात लिहा: न (नवरा), सा (सासू), बा (बायको), लो (लोक, समाज, जग). मग मोजा. 'सा' हा 'न' पेक्षा जास्त झाला तर लेख घसरला. 'लो' जास्त असेल तर तो लेख नाही, निबंध आहे. कर्ताच सापडत नसेल ('अपेक्षा केली जाते', 'गृहीत धरलं जातं') तर ते वाक्य मोडून लिहा, कोण गृहीत धरतं ते नाव घालून. पाचशे शब्दांच्या लेखाला ही तपासणी वीस मिनिटांत होते.

सासू ठेवायचीच असेल तर तिलाही कधीतरी 'दिली' होती हे एका अर्ध्या वाक्यात येऊ द्या. दीपनगरवाल्यांची क्रियापदं तिलाही लागू आहेत.

आणि आपल्याकडचं साहित्य वापरा. बऱ्याच घरांत कानबाईच्या सणाला, नैवेद्याच्या रोटांसाठी, घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजतात. मोजणी पुरुषांच्या नावाने, आणि निवडणं, दळणं, भाजणं बायकांच्या हाताने. हे आहे तसं सांगायचं, सणाला नावं न ठेवता, कारण तो सण बायकांचा जीव की प्राण आहे आणि समोर बसलेल्या बायका लगेच उठून जातील. मूठ, सव्वा, नाव, एवढं पुरे. तसंच खापराच्या पुरणपोळीचं. पोळी कोपरापर्यंत हातावर फिरवत वाढवायची, मग उलट्या खापरावर टाकायची, खाली लाकडाचा जाळ, वर वैशाख. 'सुगरण' म्हणून कौतुक होतं तेव्हा हाताला काय होतं ते लिहा. कौतुक आणि चटका शेजारी ठेवले की व्याजस्तुती (स्तुतीच्या आडून निंदा) आपोआप साधते, वेगळा टोमणा मारावा लागत नाही.

फुकट_फौजदारी

वरचं वाचून एक खरंच विचारतो. समजा ऐकणाऱ्याला उपरोध कळलाच नाही तर? 'बरोबर बोलली बाई, अशीच बायको पाहिजे' असं म्हणणारे निघतील.

खापरावरची_पोळी

निघतातच. उपरोधाला निदान एक खिळा लागतो, म्हणजे असं एक वाक्य जे कुणीच गंभीरपणे म्हणणार नाही. वरचं ठेच्याच्या माफीचं वाक्य तसा खिळा आहे. तो पहिल्या दीड मिनिटात ठोकायचा. उशीर केला तर निम्मं सभागृह यादीवर मान डोलवत बसतं. आणि वाचणारीने हसायचं नाही, डोळाही मारायचा नाही. किराण्याची यादी वाचावी तसं सपाट वाचायचं.

लेख वाचनाआधी दोन माणसांना वाचून दाखवा, एक विषयात मुरलेला आणि एक अजिबात नसलेला. दुसरा जिथे पहिल्यांदा अस्वस्थ होऊन हलतो ती जागा खुणेने नोंदवा. ती शेवटच्या परिच्छेदात असेल तर वरचं कापा.

मलकापूर_पॅसेंजर

उलटापालटीचा तिसरा मार्गही आहे, तो कुणी घेतलेला दिसत नाही. रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही १९०५ मधली कथा, मद्रासच्या मासिकात आलेली. त्यात पुरुष पडद्यात आणि बायका राज्य चालवतात. आरडाओरडा नाही, सगळं कसं सुरळीत चाललंय ते शांतपणे सांगितलंय. यात धोका एकच, लेखक मजेत रमतो आणि दाढी-मिशी-घागरा असं सोंग होतं. लग्नाच्या जाहिरातीत मात्र छान बसतं: 'वर पाहिजे. गृहकृत्यदक्ष, निमगोरा, मनमिळाऊ, नोकरी केली तरी चालेल, पगार सासरी द्यावा.' शब्द एकही बदललेला नाही, फक्त वधूचा वर केला. 'गृहकृत्यदक्ष वर' हे तीनदा मोठ्याने म्हणून बघा, तिसऱ्यांदा हसू येणं बंद होतं.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार, विशेष करून फौजदारभाऊंचे, त्यांच्यामुळे दोन परिच्छेद मिळाले. लेखिकांना कळवण्यासाठी हे काढलंय: 'जी' गाळा, 'पाहिजे' शेवटी, तीनास एक, कर्त्यांची मोजणी, एकच आकडा, एकच मुखवटा. शेवट कसा करायचा ते मात्र राहिलं. ब्रेडीबाई शेवटी एवढंच विचारतात की अशी बायको कुणाला नको असेल? आपल्या लेखांचा शेवट 'चला, बदल घडवूया'.

बिबडे_वाळत_घातले

'चला' काढा. यादी चालू असतानाच थांबा, आणि शेवटचं कलम सगळ्यात लहान ठेवा. उदा. 'रात्री सगळ्यात शेवटी मोटारीचं बटण बंद आहे का बघणारी पाहिजे.' आणि कागद खाली.

गिरणाकाठ

बटणाचं घेते. पहिलं वाचन गुरुवारी, कुणाला ऐकायचं असेल तर निरोप टाका.